मधली ओळ

मार्गशीर्ष लागला की पिंगळीच्या रस्त्यावरच्या बाभळींना कापूस येतो. गच्च भरलेले टेम्पो आणि ट्रॅक्टर त्यांच्या अंगाला घासून जातात आणि एकेक काटा आपल्या वाटणीचा चिमूटभर कापूस ठेवून घेतो. थोड्याच दिवसांत सगळी झाडं एकदम म्हातारी दिसायला लागतात. मी रोज सकाळी परभणीहून याच रस्त्यानं शाळेत जातो, आणि या दिवसांत माझी मोटारसायकल आपोआप हळू होते. मागून येणारे आमचे हेडमास्तर पुढं निघून जातात आणि शाळेत पोचल्यावर सगळ्यांसमोर विचारतात, "सर, गाडीवर बसून यायलाव का गाडीला धरून चालत यायलाव?" मी हसतो. दोन्ही बाजूंची रानं फुटलेली असतात, बायका कमरेला ओट्या बांधून वाकलेल्या असतात, आणि माझे डोळे त्या पांढऱ्या रानात एकच गोष्ट शोधत असतात. कुठं एखादी ओळ चुकून वेचायची राहिलीय का.

सापडत नाही. लोक आता फार नीट वेचतात.

यंदा हा मोसम माझ्या अंगावर जरा जास्तच आलाय, कारण घरात मी एकटा आहे. सुमन, म्हणजे माझी बायको, भाद्रपदात पुण्याला गेली, लेकीच्या बाळंतपणाला. दिवाळीला परत येते म्हणाली होती. नात झाली. दिवाळीला मीच तिकडं गेलो, नातीला मांडीवर घेतलं, तिनं माझ्या नव्या पायजम्यावर स्वागत केलं, आणि मी एकटाच परत आलो. आता संक्रांतीनंतर लेकीची रजा संपते. जावईही नोकरीवर. एवढंसं लेकरू पाळणाघरात ठेवायला लेकीचा जीव होत नाही. तिचं म्हणणं, आईनं नात चालाय-बोलायला लागेपर्यंत तिथंच राहावं. म्हणजे वर्ष तर धरूनच चालायचं, त्यापुढचं नातीच्या पायांवर.

सुमननं फोनवर मला एवढंच सांगितलं, "तुमी सांगा. राहा म्हणलाव तर राहते, ये म्हणलाव तर येते."

"मी काय सांगू? तुझं तू बघ की."

"न्हाई. ह्या वक्ताला तुमीच सांगायचं. इचार करून सांगा."

आता आमच्या घरात मला आजवर विचारलेले प्रश्न म्हणजे 'आणखी अर्धी भाकर वाढू का' आणि 'हा शर्ट धुवायचा का फेकायचा' एवढेच. बाकीचे निर्णय मला कळवले जातात. अशा माणसावर एकदम हे ओझं आलं. तेव्हापासून मी विचार करतोय. म्हणजे काय करतोय, तर बाभळी बघत गाडी हळू चालवतोय.

शाळेत सहकारी विचारतात, "काय सर, करमतंय का?" आमच्या भागात नवरा-बायकोच्या मायेला वेगळा शब्द नाही. जे काय असतं ते या करमण्यात बसवायचं. सिनेमातले शब्द कुणी घरात आणत नाही. आणले तर त्यांना कुठं बसवायचं हा प्रश्न पडतो. बायका मोकळेपणानं म्हणतात, "करमंना गेलंय." माहेरासाठी म्हणतात, लेकीसाठी म्हणतात, विकलेल्या म्हशीसाठीसुद्धा म्हणतात. पुरुषांनी मात्र म्हणायचं नसतं. म्हणून मी म्हणतो, "खाण्याचे हाल व्हायलेत." याचा परिणाम असा झाला की स्टाफरूममध्ये माझ्यासमोर रोज दुसऱ्यांचे डबे येऊन पडतात. कुणाच्या घरची मेथी, कुणाची ज्वारीची भाकर, कुणाचा शेंगदाण्याचा ठेचा. विरहात वजन वाढलेला परभणी जिल्ह्यातला मी बहुधा पहिलाच माणूस.

तर त्या ओळीचं सांगतो.

आमचं गाव पोखर्णीच्या पलीकडं. लग्न झालं तेव्हा आमचं घर म्हणजे पुढं ओसरी, मधे स्वयंपाकाची खोली आणि मागं धान्याची खोली. वर पत्रे. मी डी.एड. होऊन नोकरीच्या ऑर्डरची वाट बघत बसलेला, म्हणजे गावाच्या हिशोबात बसलेलाच. सुमन वालूरची. तिचे वडील पोस्टात होते. शेत त्यांनी पाहिलेलं ते सायकलवरून जाताना. लग्नानंतर आम्हाला धान्याची खोली मिळाली. ज्वारीची पोती एका भिंतीला रचलेली, दुसऱ्या भिंतीला आम्ही. मधली भिंत पत्र्यापर्यंत गेलेली नव्हती, वर हातभर मोकळीच होती. पलीकडं वडील कूस बदलायचे ते आम्हाला ऐकू यायचं. त्यांना काय ऐकू येत असेल या विचारानं आम्ही श्वाससुद्धा बेतानं घ्यायचो.

आणि दिवसा तर बोलायचंच नसायचं. मोठ्यांच्या देखत नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलणं म्हणजे निर्लज्जपणा. मी ओसरीवर बसलेलो असायचो, सुमन हातभर अंतरावर उंबऱ्याच्या आत. ती माझ्या आईला म्हणायची, "त्यांना इचारा, चहा टाकू का." आई मला म्हणायची, "ती इचारायलीय, चहा टाकू का." मी आईला म्हणायचो, "टाक म्हण." आई तिला म्हणायची, "टाक म्हणायलाय." एका कपाला एवढं दळणवळण लागायचं. चहा होईपर्यंत तलफ गेलेली असायची.

आज विचार केला की नवल वाटतं. आम्हाला एकत्र झोपायची परवानगी होती, एकत्र बोलायची नव्हती. झोपायची तर नुसती परवानगीही नव्हे, अपेक्षा होती. पाळणा कधी हलतो म्हणून गल्लीतल्या बायका सुमनच्या तोंडाकडं बघायच्या. पण तेच तोंड माझ्याशी बोलताना दिसलं असतं तर त्याच बायकांनी पदर तोंडाला लावले असते. त्यामुळं झालं असं की सुमनच्या डाव्या खांद्यावर मागच्या बाजूला तीळ आहे हे मला माहीत होतं, आणि तिला कोणती भाजी आवडत नाही हे माहीत नव्हतं. तिच्या तळव्यांची ऊब मला अंधारात ओळखू यायची, पण ती हसते कशी हे मी धड पाहिलेलं नव्हतं. लग्नाचा अर्धा भाग पाठ आणि अर्ध्याचं पुस्तकच मिळालेलं नाही, अशी गत. सगळा पावसाळा असा गेला. जवळ होतो, इतके जवळ की मधे ज्वारीचा दाणा मावणार नाही, आणि तरी सकाळी उठून ती बाहेर गेली की मला वाटायचं, ही बाई कोण असेल.

मग कापूस फुटला.

त्या वर्षी सगळ्यांची रानं एकदम फुटली. बायका मिळेनात. आईनं गल्लीतल्या दोघीतिघी कशाबशा जमवल्या आणि ओसरीवर उभं राहून फर्मावलं, "तुमी दोघं बी चला. बसून खायचे दिवस सरले." बसून खाणारा मी एकटाच होतो, पण दटावणी दोघांनाही वाटून दिली.

वेचणाऱ्या बायकांची म्होरकी गयाबाई. आईची मैत्रीण, आवाज बांधापलीकडं जाणारा, आणि सगळ्या गावाच्या भानगडी तोंडपाठ. वेचताना दोन ओळींच्या मधल्या जागेतून चालत जायचं आणि दोन्ही हातांच्या ओळी वेचत न्यायच्या. त्याला पात म्हणतात. गयाबाईनं पाती वाटल्या. आम्हाला दोघांना तिनं रानाच्या पार कडेला टाकलं. म्हणाली, "हे दोघं नवशिके हायेत. मधे घातले तर आपल्या बी पायात येतील."

तर अशी आमची पात शेजारी-शेजारी आली. एका पातीत मी, पलीकडच्या पातीत सुमन, आणि मधे पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडांची, एक ओळ. ती ओळ तिचीही होती आणि माझीही. छातीइतकी उंच, पानं निम्मी गळालेली, बोंडं फुटून पांढरी झालेली. वाकून वेचताना तिच्यातून पलीकडचं माणूस तुकड्या-तुकड्यानं दिसायचं. कधी कपाळ, कधी बांगड्या, कधी ओटीत कापूस टाकणारा हात.

थोड्या वेळातच बाकीच्या बायका पुढं निघून गेल्या. आम्हा दोघांनाही वेचता येत नव्हतं. बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटं सोलपटून निघायची, कापसाला पाला चिकटून यायचा. बायकांचे आवाज लांब गेले. रानात आम्ही दोघं राहिलो, भर उन्हात, सगळ्यांच्या नजरेच्या टप्प्यात आणि कुणाच्याही कानाच्या टप्प्यात नाही.

ओळीच्या पलीकडून आवाज आला, "तुमी झोपंत बोलताव."

लग्नानंतर तिनं माझ्याशी थेट, आईला मधे न घेता, उजेडात बोललेलं हे पहिलं वाक्य. मी दचकून इकडंतिकडं पाहिलं.

"काय बोलतो?"

"येस सर, येस सर म्हणताव."

मी विचारलं, "आणखी काय?"

"आणखी काय न्हाई. कुणीतरी लय रागावत असंल तुमाला."

आणि ती हसली. हसणं मला दिसलं नाही, पऱ्हाटी आड होती. नुसतं ऐकू आलं. पण मला आठवतं, माझा हात बोंडावर तसाच राहिला.

त्या दिवसापासून आम्ही बोलायला लागलो. आपल्याच बायकोशी चोरून. बायका पुढं गेल्या की सुरू, त्या पात संपवून परत आमच्या दिशेनं यायला लागल्या की बंद. मग मी घसा खाकरायचो आणि सुमन पदर सारखा करायची, जसं काही आम्ही भलतंच करताना सापडलोय. मी तिला विचारलं, तुला कोणती भाजी आवडत नाही. ती म्हणाली, भेंडी. म्हणाली, "पर तुमाला लय आवडती म्हणून मी रोज आत्याबाईला तीच करू म्हणते." मला भेंडी कधीच आवडली नव्हती. ती एवढ्या हौसेनं करते म्हणून मी खात होतो. सगळा पावसाळा आम्ही दोघांनी एकमेकांच्या प्रेमापोटी भेंडी गिळली होती. हे कळलं तेव्हा ती खाली बसली आणि ओटी तोंडावर धरून हसली. उठली तेव्हा भुवयांवर कापूस होता.

ती वालूरच्या बारवेबद्दल सांगायची. पायऱ्या उतरत खाली गेलं की गार कसं वाटतं, वरचा आवाज कसा लांब जातो. घरच्यांना न सांगता ती तिथं जाऊन बसायची. "कशाला?" मी विचारलं. "कशाला काय? कुणी हाक मारली तर ऐकू येऊ नये म्हणून." मी तिला सांगितलं की मला मास्तर व्हायचंच नव्हतं, मला तबला शिकायचा होता आणि गावात तबला फक्त भजनी मंडळाचा होता, त्यालाही शाई एकाच बाजूला उरली होती. हे मी माझ्या आईलासुद्धा कधी बोललो नव्हतो.

एकदा बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मला वाटलं ती पुढं गेली. मान वर करून पाहिलं तर ती उभीच होती, हात नुसते झाडावर ठेवून.

"काय झालं?"

"एक सांगायचंय. रागावू नका."

"सांग."

"मी दहावी नापास हाय. तुमच्या घरी पास सांगितलंय."

आमच्याकडं मास्तर होणाऱ्या पोराला दहावी पास बायको हा लग्न ठरवतानाचा मोठा मुद्दा होता. आई गावात सांगत फिरली होती. सुमननं हे एवढे महिने पोटात धरून ठेवलेलं होतं. धान्याच्या खोलीत, माझ्या कुशीत, माझ्या छातीवर डोकं ठेवून, हे ओझं तिच्याजवळ होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

"कशात गेली?" मी विचारलं.

"गणितात."

"मी बारावीला गणितात काठावर आहे. कुणाला सांगू नको."

"बरं झालं," ती म्हणाली. नंतर नाक ओढल्याचा आवाज आला आणि बांगड्या पुन्हा वाजायला लागल्या.

त्या दिवशी मला वाटलं, आपलं लग्न आज लागलं.

आता त्याच दिवशी घोटाळा झाला. उन्हं कलली, बायकांनी ओट्या रिकाम्या केल्या, गाठोडी बांधली. गयाबाई बांधावर चढली, कमरेवर हात ठेवून तिनं वळून रानाकडं पाहिलं आणि तिथंच थांबली.

"आवं माय, ती वळ बगा."

आम्ही सगळ्यांनी पाहिलं. त्या दिवशीच्या वाटणीचं सगळं रान वेचून मातकट, काळसर झालं होतं आणि त्याच्या कडेला, या बांधापासून त्या बांधापर्यंत, एकच ओळ पांढरीशुभ्र उभी होती. कपाळावर भांग पाडावा तशी. ती आमची मधली ओळ. मला वाटलं सुमन वेचतेय, तिला वाटलं मी वेचतोय, आणि आमचे हात आपापल्या दुसऱ्या बाजूच्या ओळींवर चालले होते. त्या ओळीतून आम्ही नुसते एकमेकांकडं बघत गेलो होतो.

"ही वळ कुणी येचायची?" गयाबाई म्हणाली. "का मामंजीला बोलवू?"

बायका खिदळायला लागल्या. सुमननं पदर असा ओढला की आत माणूस आहे की नाही ते कळेना. मला गप्प बसायचं सुचलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "ती उद्यासाठी ठेवलीय."

"मंग काय तर," गयाबाई म्हणाली. "उद्या बी तिच्या आडूनच बोलायचं हाय की."

हे गावभर झालं. पारावरची पोरं मला काही दिवस 'मधली वळ' म्हणूनच हाक मारायची. आईनं त्या संध्याकाळी घरी काहीही म्हटलं नाही. तेच जास्त भीतीचं होतं. दुसऱ्या दिवशी ती आमच्या आधी रानात गेली. आम्ही पोचलो तेव्हा ती ओळ तिनं एकटीनं वेचून संपवलेली होती. गयाबाई पाती वाटायला लागली तेव्हा आई ओटी बांधता-बांधता, कुणाकडं न बघता म्हणाली, "त्या दोघांला कडंलाच दे."

सगळा मोसम आम्हाला कडेच्याच पाती मिळाल्या. आई आता नाही. तिनं मला आयुष्यात बरंच काही दिलं, पण त्या कडेच्या पातींइतकं मोठं दुसरं काही दिलं असं मला वाटत नाही.

या एका मोसमाच्या जोरावर मी पुढं आयुष्यभर तत्त्वज्ञान सांगत फिरलो. लग्नं जमवताना, नव्या जोडप्यांना जेवायला बोलावलं की, स्टाफरूममध्ये तर विचारूच नका. माझं म्हणणं असं की शरीराची जवळीक काय, ती एका खोलीत कोंडलं की होते; मनाची व्हायला मधे काहीतरी ओळ लागते. तरुण मास्तर माना डोलवायचे आणि चहा मागवायचे. सुमनच्या कानावर हे गेलं की ती म्हणायची, "लोकांला शिकवा. घरी आल्यावर तोंड उघडत न्हाईत."

ते खरं होतं. परभणीत घर झालं, भिंती छतापर्यंत गेल्या, बोलायला कुणाची आडकाठी राहिली नाही, आणि आमचं बोलणं गॅस, लाईट बिल आणि पोरीच्या परीक्षा यांच्यावर आलं. पुढं माझं घोरणं वाढलं आणि तिचे गुडघे धरले. मग ती दुसऱ्या खोलीत झोपायला लागली, भांडण नाही, काही नाही, नुसती झोप लागावी म्हणून. शेतात कापसाची मुख्य वेचणी झाली की पऱ्हाटी उपटून टाकायची असते. काही लोक ती उभीच ठेवतात, एखादं पाणी देतात, आणि उशिरानं तिला पुन्हा थोडीफार बोंडं लागतात. त्याला फरदड म्हणतात. कृषी खात्याची माणसं गावोगाव सांगत फिरतात, फरदड घेऊ नका. लोक घेतात. आमचं त्या बाबतीतलं आयुष्य साधारण फरदडीवर आलं होतं. बोंडं लहान, धागा आखूड, पण पांढरीच.

आणि आता ती पुण्याला. आमचं फोनवर रोज बोलणं होतं. आधी लेकीनं व्हिडिओ लावून दिला. सुमन फोन डाळीच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि कामाला लागायची. मी अर्धा-अर्धा तास त्यांच्या छताचा पंखा बघत बसायचो. मग आम्ही चित्र बंद केलं, नुसता आवाज ठेवला. मी शाळेतून येतो, दारापुढच्या ओट्यावर बसून काहीतरी निवडत, सोलत बसतो. ती तिकडं काहीतरी सोलत असते. आणि काय सांगू, आम्ही पुन्हा बोलायला लागलो. कितीतरी वर्षांत बोललो नव्हतो एवढं. तिनं सांगितलं की लेक झाली तेव्हा तिला आधी रडूच आलं होतं, आनंदाचं नाही, भीतीचं. मी सांगितलं की रिटायर झाल्यावर मला काय करायचं ते मुळीच सुचत नाही. तिला पुण्यातल्या लिफ्टची भीती वाटते, हे फक्त मला माहीत आहे. जावयाला ती सांगते की जिना चढणं गुडघ्याला चांगलं असतं.

म्हणजे माझ्या तत्त्वज्ञानाप्रमाणं मी सुखात असायला पाहिजे. मनानं आम्ही इतके जवळ आहोत की नव्या जोडप्यांना दाखवायला न्यावं.

पण मला करमत नाही. आणि आठवतं ते काय, तर बोलणं मुळीच आठवत नाही. आठवते तिची भेगाळलेली टाच, जी ती रोज संध्याकाळी पायरीवर घासत बसते. जेवताना तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागतो आणि दोघांपैकी कुणी बाजूला घेत नाही, ते. मला कणकण आली की तळहातानं नाही, बोटांच्या मागच्या बाजूनं कपाळ बघायची तिची रीत. सकाळी चहा घेऊन ती माझ्या पलंगाच्या कडेवर बसायची तेव्हा गादी तिच्या बाजूनं खचायची आणि मी झोपेतच थोडा तिकडं घरंगळायचो. आता गादी सपाट असते. चहा मी करून घेतो, बराही होतो. पण सपाट गादीवरून उठायला मला फार जड जातं. फोनवर तिचा आवाज ऐकता-ऐकता माझा हात नकळत बाजूला जातो आणि ओट्याच्या फरशीवर पडतो. फरशी गार असते.

शरीर म्हणजे काय ते मला तरुणपणी वाटलं तेवढंच नव्हतं, हे मला आता कळायला लागलंय. आणि ज्या वयात कळायला लागलं त्या वयात ते शरीर पुण्यात आहे, दुसऱ्याचं लेकरू खांद्यावर घेऊन. दुसऱ्याचं कसलं, आपलंच. म्हणून तर बोलता येत नाही.

मागच्या एका रविवारी दुपारी मी ओट्यावर तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होतो. फोन शेजारी ठेवलेला. तिकडं सुमन मटार सोलत होती.

"मंग? काय ठरलं तुमचं?" तिनं विचारलं.

मी तयारी केलेली होती. मास्तर माणूस, मुद्दे काढूनच बसलो होतो. "हे बघ," मी म्हणालो, "लेकराचं महत्त्वाचं. पोरीची नोकरी महत्त्वाची. आपलं काय, आपण रोज बोलतोच. मनानं माणसं जवळ असली म्हणजे अंतराचं काही..."

"हं," ती म्हणाली.

तिनं मनगटानं कपाळावरचे केस मागं सारले असावेत. बांगड्या कोपराकडं घसरल्याचा आवाज आला. तो हात कसा वर गेला असेल, कोपर कसं वाकलं असेल, ते मला इथं ओट्यावर दिसलं. माझे मुद्दे संपले.

"सुमन, तू ये," मी म्हणालो.

तिकडं मटाराच्या शेंगा फुटतच होत्या.

"बोलायला न्हाई. बोलणं व्हायलंय की फोनवर. नुसती येऊन बस जवळ. मला तुझा हात पाहिजे. मला तुझ्याबिगर करमंना गेलंय, सुमन. अंगाला करमंना."

असं वाक्य मराठीत आहे की नाही मला माहीत नाही. मी शिकवलेलं तरी नाही.

तिकडं मटाराचा आवाज थांबला. मग सुमन हळूच म्हणाली, "आवं, फोन स्पीकरवर हाय."

"कोण आहे तिथं?"

"पोरगी हाय. जावई बी हायेत."

मी शेंगेकडं बघत बसलो. तिकडून लेकीचा आवाज आला, जरा भरलेला. "बाबा, मी काही ऐकलं नाही."

"मी पण नाही," लांबून जावई म्हणाले. सज्जन माणूस.

मग खरखर झाली. सुमननं फोन उचलला असावा, दार लोटल्याचा आवाज आला. ती गॅलरीत गेली असणार, मागं गाड्या ऐकू यायला लागल्या.

"पोरीसमोर असं बोलतेत का कुणी?"

"मला काय माहीत स्पीकरवर आहे."

"आत्याबाई असत्या तर काय म्हणल्या असत्या."

मला ओटी बांधणारी आई आठवली. मग ती म्हणाली, "संक्रांतीच्या आधी येते. पर थोडेच दिस. मला परत यावं लागंल. लेकरू लय बारीक हाय हो. माझ्याच अंगावर झोपतंय, खाली ठिवलं की उठतंय."

ते मला समजलं. तिच्या अंगावर झोपायची सवय लागलेल्याला खाली ठेवलं की काय होतं ते माझ्याइतकं कुणाला समजणार.

"जा परत," मी म्हणालो. "वर्षभर राहा. उन्हाळ्यात मी येतो. पण आधी ये."

"येते म्हणलं की."

त्या रविवारपासून आमचं फोनवरचं बोलणं एकदम आटलंय. ती विचारते, जेवलाव का. मी म्हणतो, जेवलो. मी विचारतो, नात काय करतेय. ती म्हणते, झोपलीय अंगावर. मग दोघंही गप्प बसतो, फोन चालू ठेवून. तिकडं कुकरची शिट्टी होते, इकडं गल्लीतून भाजीवाला ओरडत जातो. तिचा श्वास ऐकू येतो, त्याच्या आत आणखी एक बारीकसा श्वास.

"बरं, ठिवते," ती म्हणते.

आणि ठेवत नाही.